गाडीचं निव्वळ वजन

मंगळवार पेठ, कोल्हापूर

ती. आदिती मावशीला ऋषभचा वाकून नमस्कार आणि जय जिनेंद्र. तुझा गुडघा कसा आहे? कॉलेजची लॅब अजून दुसऱ्या मजल्यावरच आहे का? इकडं मम्मी ठीक, पप्पा ठीक, दुकान ठीक. मी सोमवारपर्यंत ठीक होतो. व्हॉट्सॲप सोडून पत्र लिहितोय, कारण आकडे कागदावर असल्याशिवाय तू त्यांच्यावर विश्वास ठेवत नाहीस.

विषय माझ्या स्पोर्ट्स कारचा. (तू बघितलीस तेव्हा नुसता पाइपांचा सांगाडा होता आणि तू त्यावर टॉवेल वाळत घातलेलास.) आता तिला एका जुन्या छोट्या गाडीचं इंजिन आहे, दोन सीट आहेत, आणि गोडाऊनमध्ये ती जिथं उभी आहे नेमकं तिथंच पप्पांना पाण्याच्या मोटरी ठेवायच्या आहेत. आयुष्यभर शेतकऱ्यांना मोटरी विकल्यामुळं गाडीतलं हॉर्सपॉवर सोडून दुसरं काही ते विचारत नाहीत. दुकानातली सगळ्यात मोठी मोटर पंचवीसची. गाडी त्याच्या वर निघाली तर राहील, नाहीतर रविवारी भंगारात, अशी त्यांची अट आहे.

पॉवर मोजायचं मशीन असतं, पण ते पुण्यात. (भंगारवाला कोपऱ्यावर.) म्हणून म्हटलं फिजिक्सनं काढू. थांबलेली गाडी साठच्या स्पीडला किती सेकंदात जाते ते बघायचं, वजन घ्यायचं, पुढं तू वर्गात शिकवतेस तोच फॉर्म्युला. वेल्डिंग करून देणारे बाळासो मिस्त्री शेजारी बसले आणि मोबाइलवर वेळ लावली. पाच सेकंद.

वजनाला राधानगरी रोडच्या ऊसकाट्यावर गेलो. पप्पाही आले, माझ्या आकड्यांवर लक्ष ठेवायला. सीट दोनच, त्यामुळं बाळासो मागं इंजिनच्या झाकणावर. काटेवाल्यानं ट्रॉलीचं करतात तसंच केलं. आधी भरलेली गाडी काट्यावर घेतली, मग आमच्याकडं बघून म्हणाला, "पावणं, माल उतरवा की." आम्ही तिघं उतरलो. रिकामी गाडी परत मोजली आणि पावती दिली. तळाला ठळक अक्षरात निव्वळ वजन, दोनशे चाळीस किलो. मी खूश. परत येताना रस्ताभर पप्पांना हलक्या डिझाइनबद्दल सांगत होतो आणि ते ऐकतही होते, हे पहिल्यांदाच.

घरी गणित केलं. टेस्टला बसलेले मी आणि बाळासो मिळून एकशे पंचेचाळीस, ते त्यात मिळवले. उत्तर आलं चौदा हॉर्सपॉवर. पप्पा म्हणाले, "चौदात एवढा आवाज? माझी पंधराची मोटर नदीतनं माळावर पाणी चढवती, आणि गप चढवती." लगेच भंगारवाल्याला फोन लावला.

सकाळी मम्मीनं पावती बघितली. (तुम्ही दोघी ऊसवाल्याच्या पोरी, हे आम्ही विसरलेलो.) ती म्हणाली, "अरे, निव्वळ म्हणजे उसाचं वजन, ट्रॉलीचं न्हवं." म्हणजे ते दोनशे चाळीस किलो आम्ही तिघं होतो. मी काढलेली पॉवर गाडीशिवाय साठच्या स्पीडला जाणाऱ्या माणसांची होती, आणि त्यात मी अन् बाळासो दोनदा बसलेलो. रिकामी गाडी पाचशे साठ. परत केलं, सव्वीस आलं. पप्पांनी कागद उलटा ठेवला आणि म्हणाले, "रोज बदलतंय ते कसलं गणित? आदिती सांगंल तेच खरं." म्हणून हे पत्र. सगळी आकडेमोड सोबत जोडली आहे.

तुझा,
(रविवारपर्यंत तरी) गाडीवाला
ऋषभ

ता.क. शनिवारी पप्पांना फोन करून फक्त "सव्वीस" म्हण. कसं काय ते विचारतील, तेव्हा तास आहे म्हणून ठेव.

आणखी एक ता.क. तू विचारणारच, म्हणून सांगतो. रस्ता थोडा उताराचा होता. उलट्या दिशेनंही मोजायला पाहिजे हे मला माहीत आहे, आणि मोजायला गेलो होतो. पण चढावर क्लच घसरला, बाळासो उतरून मागनं ढकलत होते, त्यामुळं वेळ लावायला कोणी उरलं नाही.

शेवटचं ता.क. दोन्ही दिशांची सरासरी काढणार असशील तर शनिवारी फोन करूच नको. त्याऐवजी तुझ्या गोठ्यामागची शेड झाडून ठेव, रविवारच्या आत गाडी घेऊन येतो. फक्त इथनं तुझ्या हातकणंगल्यापर्यंत चढ किती आहेत तेवढं कळव. बाळासोंना तसं जेवून निघायला सांगतो.