‘जाते’ म्हटलं म्हणून

लंडन, सोमवार

आम्मा,

सलाम. डोळ्याची पट्टी सुटली का? हे पत्र धाकटीकडून वाचून घे, स्वतः डोळे ताणू नकोस.

माझा रेडिओचा कार्यक्रम वाचला. तो बंद पडणार होता, हे तुला मुद्दामच कळवलं नव्हतं. आमचं केंद्र चालवणारे मतीनभाई म्हणायचे, "तुझी बडबड फक्त माइक ऐकतो, झुलेखा."

काल शेवटचा भाग होता, पण ऐकणाऱ्यांना सांगायचं नाही असं ठरलेलं. आपल्या सिलेटच्या बातम्या दिल्या, सातकोरा लिंबू घातलेल्या गोश्ताची कृती सांगितली आणि निरोप घेताना बोलून गेले, "बरं, जाते मी."

मग फोन थांबेचनात. पहिल्याच आजीबाई कडाडल्या, "जाते काय म्हणतेस गं? असं बोलून कुणी उठतं का? येते म्हण." दुसरी रडवेली होऊन विचारत होती, "तुला बरं नाही का?" एका चाचांनी तर मतीनभाईंनाच झापलं, "काय बोललास पोरीला?"

एवढी माणसं ऐकत होती, आम्मा, आणि मी उगाच झुरत होते.

शेवटी मतीनभाईंनीच मला पुन्हा माइकपुढे बसवलं. "म्हण बाई येते, नाहीतर ही मंडळी जिना चढून वर येतील. आणि पुढच्या रविवारी वेळेवर ये."

या ईदलाही घरी येणं जमेलसं दिसत नाही. आठवतं, निघताना तू मला फाटकातून परत फिरवून हेच म्हणायला लावलं होतंस?

म्हणून आजही तेच म्हणते. येते, आम्मा.

तुझी
झुलेखा