एकटीच्या यादीतून मुख्य यादीवर परत घेणेबाबत

प्रति,
मा. कुबानिच असिलबेकोव्ह,
ईमेल-याद्यांचे व्यवस्थापक,
'अशू' मुक्त सॉफ्टवेअर विकसक समुदाय,
बिश्केक.

विषय : मला मुख्य यादीवर परत घेणे, ते जमत नसल्यास माझे एक पत्र तरी शुक्रवारपूर्वी तेथे जाऊ देणेबाबत.

संदर्भ : याद्यांच्या फेररचनेचा आपला आदेश व मला आलेली उत्तरे.

महोदय,

ईमेलने आपणांस काहीही पाठवले की ते फिरून माझ्याच यादीत येऊन पडते, म्हणून हा अर्ज कागदावर करीत आहे.

१. खिंडींतल्या बर्फाची खबर देणारी आपली प्रणाली लिहिण्यात मी पहिल्यापासून आहे. दोन हिवाळ्यांमागे आपण एका यादीच्या चार केल्या : घोषणा, विकास (हीच आता मुख्य), वापरणारे आणि 'सखोल चर्चा'. मला चौथीत घातले. "एजे, तुमचं लिखाण सविस्तर असतं, त्याला मोकळी जागा हवी," असे थोरल्या बहिणीला हाक मारावी तसे आपण फोनवर म्हणालात. मी खुळी, हुरळून गेले. शेजारणीलाही सांगून आले.

२. तेव्हापासून मी तेथे लिहीत आहे. प्रत्येक पत्राला लगेच उत्तर येई : "मोलाच्या सूचनेबद्दल आभार. सदस्य विचार करीत आहेत." यंदा नववर्षाच्या जेवणात, नवी आवृत्ती जुळवणारा एल्झार भरल्या तोंडाने सगळ्यांसमोर म्हणाला, "अहो एजे, त्या यादीत तुमच्याशिवाय चिटपाखरू नाही! आभार मशीन मानतं." मंडळी पोट धरधरून हसली. आपण मान खाली घालून ताटातले मांस निवडत होतात.

३. अपमान मी गिळला. या वयात तेवढे पचते. नव्या आवृत्तीतली चूक मात्र गिळता येत नाही. खिंडीतला बर्फमापक बर्फाखाली गाडला गेला की मुका होतो. अशा वेळी, वरून हिमलोट कोसळायची भीती म्हणून, जुनी आवृत्ती 'खिंड बंद' सांगे. नवी म्हणते, खबर नाही म्हणजे बर्फ नाही, आणि 'खिंड खुली' असा संदेश धाडते. हे मी माझ्या यादीवर परोपरीने लिहिले. आभार मिळाले.

४. एल्झारला फोन केला. "एजे, नियम म्हणजे नियम. चूक यादीवर मांडा." कोणत्या, असे विचारल्यावर, "तुमच्या!" मागे कुणीतरी खिदळले.

५. कारा-जाल खिंड खुली झाली की आधी बर्फ काढणारे यंत्र आत जाते. ते माझा मुलगा मेलिस चालवतो. त्याला बजावले, तर म्हणाला, "आई, संदेश आला की निघायचं. नाही निघालो तर साहेब दुसरा माणूस बसवतील. पोरांना काय खायला घालू?" नवी आवृत्ती शुक्रवारी लागू होत आहे.

तरी सोबतचे पत्र त्यापूर्वी विकास यादीवर टाकावे, ही हात जोडून विनंती. दुरुस्तीही लिहून दिली आहे. माझे नाव खोडा, श्रेय एल्झारला द्या. पुन्हा कधी एक ओळ लिहिणार नाही, असे हवे तर लेखी देते.

एवढेही होत नसेल, तर निदान एक करावे. दुखवट्याच्या पत्राला आपली मंडळी चटकन उत्तरे देतात, हे मी पाहिले आहे. मेलिससाठी तसे पत्र मुख्य यादीवर निघेल तेव्हा मी तेथे नसेन. त्याची एक प्रत माझ्या यादीवर पाठवावी. तेथे वाचणारी एक बाई नक्की आहे.

या वेळी उत्तर माणसाकडून यावे, एवढ्या अपेक्षेत,

आपली नम्र,
बुरुल्चा तोकोएवा
नारीन, ७ फेब्रुवारी २०२३

सोबत : चुकीचे वर्णन व दुरुस्ती, दीड पान.