पोरांनी तुडवलेला कापूस

अमडापूर, ता. ३ डिसेंबर १९६३

चि. शेषराव यास ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझा खोकला गेला काय? कौशल्याचा गुडघा कसा आहे? वेचणीनं सूनबाईची, कोकिळाची, कंबर धरली असंल. शैलजा शाळेत जाते का दांड्या मारते? अन् माझा गोपाळ भाकर चावून खातो का अजून तशीच गिळतो?

आता तुझ्या पत्राकडे येते. किती हौसेनं लिहिलंस! समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरला, दोघं नातवंडं त्यावर दिवसभर नाचतात, त्यानं कापूस दबतो अन् आणखी दोन गाठोडी मावतात. वरून बाहेरची कडी घालून तुम्ही वावरात जाता, म्हणजे पोरं विहिरीकडे फिरकत नाहीत. वा रे शहाण्या! चार वर्षांचं लेकरू कामाले जुंपलं अन् त्याले खेळ म्हणतोस. विहिरीत पडलं तर धप्पकन आवाज तरी येते. कापसात गेलं तर तोही येत नाही. आजच कडी काढ.

माया आहे म्हणून रागावते. तुझीही असू दे.
तुझी ताई, अन्नपूर्णा

पिंपळगाव राजा, ता. ९ डिसेंबर

ती. ताईस शेषरावचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र सगळ्यांले वाचून दाखवलं. कौशल्या म्हणाली, वन्संले आता मऊ कापसाचंही भेव वाटाले लागलं. लय हसलो. फरशीवर पडून डोकं फुटते, कापसावर कोणाचं फुटलं? आपणही बाबांच्या कापसात लोळलोच की, तू तर सगळ्यात पुढं! अन् घरी कौशल्या असतेच. उगीच जीव जाळू नको.

रागावत राहा, पण विसरू नको.
तुझा शेषराव

पिंपळगाव राजा, ता. १६ डिसेंबर

ती. ताईस नमस्कार.

काय लिहू? काल पोरं लपाछपी खेळत होती. गोपाळनं भिंतीकडून बीळ केलं अन् आत शिरला, वरचा ढीग खचला. शैलजाले वाटलं, चांगला लपला. मग हाका मारल्या, ओ येईना. तिनं दार बडवलं. रोजचाच दणदणाट समजून कौशल्या भाकरी थापत राहिली. पोरगी रडाले लागली तेव्हा उठली. कडी काढून कापूस उपसला, गोपाळचा पाय हाती लागला तसा ओढला. तोंडात कापूस, ओठ निळे. पाठीत थापट्या मारल्या तेव्हा श्वास आला. आता बरा आहे. कौशल्या त्याले मांडीवरून खाली ठेवत नाही.

शेषराव

अमडापूर, ता. १९ डिसेंबर

चि. शेषराव यास आशीर्वाद.

कौशल्याले बोल लावशील तर याद राख. कडी तू घातली होतीस. आपण लोळलो, हे बरं आठवलं तुले! आई दारात बसून डोकी मोजायची, एक दिसेना की हाक मारायची. तेवढंच विसरला. एवढं मोठं पागोटं, आत नुसता कापूस!

खोलीले कुलूप लाव, किल्ली कोकिळाच्या कमरेला. पोरं ओसरीवर खेळतील, मोठ्या माणसाच्या नजरेसमोर, अन् लपली तरी हाकेले ओ देतील. कापूस मावला नाही तर तुझ्या बाजेखाली भर. शैलजाले माझ्याकडून जवळ घे. दार तिनं बडवलं.

तुझ्या ‘बरा आहे’वर माझा भरवसा नाही. गोपाळच्या हाती पेन्सिल देऊन कार्डावर त्याच्याच हातानं रेघोट्या ओढून घे, अन् उद्याच्याच टपालानं धाड. तू काही लिहिलं नाहीस तरी चालंल.

ताई