सहावा भाग, डावा कान

ती. भावोजींना, कपाळ जमिनीला टेकवून नमस्कार. (एवढं वाकण्याचं कारण पुढे येईल.)

तब्येत बरी असेल असं धरून चालतो. गुडघ्याचा नवा पट्टा नीट बसतो का? रक्तदाबाची गोळी सकाळची सकाळीच घेता ना, की अजूनही आठवेल तेव्हा? अक्काचा खांदा धरला होता, तो सुटला असेल. कानांविषयी मुद्दाम विचारत नाही. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे आमची ही ठीक आहे आणि मी पत्र लिहितो आहे. फोनच केला असता, पण तुमच्या घरी फोन अक्का उचलते, तो आणून तुमच्या उजव्या कानाला लावते आणि मग तिथेच शेजारी उभी राहते. त्यामुळे काही गोष्टी फोनवर होत नाहीत.

निवृत्तीनंतर मी नोकरी धरली एवढं तुमच्या कानावर आलंय. (हा शब्द सहज आला, राग मानू नये.) कसली धरली ते मीच सांगितलं नाही, कारण मलाच ते नीट उमगलं नव्हतं. आमच्या कोर्टातले एक वकील हल्ली कंपन्यांचे करारनामे करतात. ते बाजारात भेटले आणि म्हणाले, टीव्हीसाठी कार्टून बनवणारी एक कंपनी आहे, तिला लघुलेखक हवाय, जाता का? मी म्हटलं, कार्टूनला लघुलेखक कशाला? ते म्हणाले, मलाही कळलं नाही, पण मागणी लेखी आहे. लेखी मागणीवर मी चौतीस वर्षं काढलेली, गेलो. गेल्यावर समजलं की ही कार्टून लहान मुलांची नाहीत, मोठ्या माणसांची आहेत. आणि हे मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, ते चुकलं. हिने हातातला चहा खाली ठेवला आणि आधी दार लावून घेतलं. 'फक्त प्रौढांसाठी' हे शब्द आपल्या पिढीने ज्या पाट्यांवर वाचले, त्या पाट्यांकडे आपलं लक्षच नाही असं दाखवत वाचले. दोन आठवडे हिने शेजारी सांगितलं की हे औषधांच्या कंपनीत जातात. शेवटी मी तिला एक भाग समोर बसवून दाखवला. त्यात एक पाणघोडा आहे. तो पँट घालतो. त्याला नोकरीतून घरी बसवलंय. त्याची बायको पाणघोडी, दोघं चौथ्या मजल्यावर राहतात आणि लिफ्ट बंद आहे. बावीस मिनिटं तो जिना चढतो, मध्ये तीनदा बसतो आणि आयुष्याविषयी बोलतो. हिने शेवटपर्यंत वाट पाहिली आणि विचारलं, "यात मुलांनी बघू नये असं काय आहे?" मी म्हटलं, प्राणी दुःखी आहेत. "मग हरकत नाही," म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली.

जागा म्हणजे बंद पडलेल्या बिस्किटांच्या कारखान्याचा तिसरा मजला. अजून पावसाळी हवेत भिंतींना गोडसर वास येतो आणि सगळ्यांना अकरा वाजताच भूक लागते. चित्रकारांच्या प्रत्येक टेबलावर एक छोटा आरसा. पहिल्या दिवशी मी बघतो तर एक दाढीवाले गृहस्थ आरशात पाहून रडत होते, थांबून कागदावर दोन रेघा ओढत होते आणि पुन्हा रडत होते. माणुसकी म्हणून मी पाणी नेऊन दिलं. ते म्हणाले, "काका, रडताना पाणघोडीचा ओठ खाली जातो की बाजूला, ते बघतोय." मी म्हटलं, मला कल्पना नाही. ते म्हणाले, "कोणालाच नाही, तोच तर घोळ आहे." पलीकडे दोघांची वादावादी चालली होती की निराश माणसाची शेपटी किती वेळ हलते. माणसाला शेपटी नसते हा मुद्दा तिथे कोणी काढत नव्हतं, मीही काढला नाही.

माझं काम काचेच्या खोलीत. लांब टेबल, भोवती सहा लेखक, सगळे एकदम बोलतात. चांगला विनोद कोणी तरी बोलून जातो आणि पाच मिनिटांनी तो काय होता हे कोणालाच आठवत नाही, म्हणून तोंडातून पडेल तो शब्द टिपायला मी. या सहांच्या वर एक मुख्य लेखिका आहेत, तिशीच्या, अंबाड्यात तीन पेन्सिली खोचलेल्या आणि चौथी शोधत असलेल्या. मी कोर्टातल्यासारखंच टिपण ठेवू लागलो. कोण बोललं, काय बोललं, आणि कंसात 'सर्वजण हसतात. कारण कळले नाही.' भावोजी, हे मी प्रामाणिकपणे लिहीत होतो. पण ही मंडळी जेवणाच्या सुट्टीत माझी टिपणं मोठ्याने वाचून हसायला लागली. तेही मी लिहिलं. मग ते वाचून हसले. एकाने विचारलं, काका, तुम्ही हे मुद्दाम लिहिता का? मी म्हटलं, मी मुद्दाम काहीच करत नाही. त्यावर एकजण खुर्चीवरून खाली बसला. यात काय होतं ते तुम्हाला कळलं तर मला कळवा.

आता मुद्द्यावर येतो. सहाव्या भागाला गाडी अडली. पाणघोडा आणि पाणघोडी चाळीस वर्षं एकत्र का आहेत, हे कोणाला सुचेना. टेबलावरच्या सहांपैकी चौघांची लग्नं झालेली नाहीत, एकाचं मोडलंय आणि सहावा त्या विषयावर बोलत नाही. आठवडाभर भिंतीवरची ती जागा कोरी. मग लेखिकाबाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही सांगा. लोक कशावर टिकतात?"

चौतीस वर्षं कोर्टात बसून मला कोणी एक प्रश्न विचारला नव्हता. न्यायाधीश, वकील, साक्षीदार, आरोपी सगळ्यांना विचारत, मला नाही. त्यामुळे मी एकदम गडबडलो, आणि गडबडलेला माणूस खरं बोलतो हे मी रोज बघत आलेला. मी म्हटलं, आमच्या ओळखीत एक गृहस्थ आहेत. (नाव घेतलं नाही, देवाशपथ.) अकरा वर्षांपूर्वी त्यांचा डावा कान दुखायला लागला, पू झाला, ऐकू येईना. त्यांचा एक जवळचा नातलग त्यांना डॉक्टरकडे घेऊन जायचा. पंधरा दिवसांत कान साफ बरा झाला. पण दवाखान्याच्या जिन्यात त्यांनी त्या नातलगाचं मनगट धरलं आणि म्हणाले, "घरी इतक्यात सांगू नका. महिनाभर जरा एका बाजूने तरी शांतता मिळू द्या." त्या महिन्याला आता अकरा वर्षं झाली. बायको डावीकडून बोलली की ते वर्तमानपत्राची घडी घालतात, घडीची घडी घालतात, आणि चेहऱ्यावरची रेघ हलू देत नाहीत.

खोलीत कोणी हसलं नाही. मला हायसं वाटलं, म्हटलं, चला, रुचलेलं दिसत नाही. आणि टिपणारा मीच आणि बोलणाराही मीच असल्यामुळे ते कागदावर उतरलं नव्हतं, म्हणजे बोललो तरी न बोलल्यासारखंच, असा माझा हिशेब.

दुसऱ्या दिवशी ती कोरी भिंत चित्रांनी भरलेली. पाणघोड्याच्या डाव्या कानात कापूस. दाढीवाले चित्रकार मला कोपऱ्यात घेऊन विचारतात, तो बायको बोलताना नेमका बसतो कसा? मी शब्दांत सांगायचा प्रयत्न केला, जमेना, तेव्हा बसून दाखवलं. हनुवटी किंचित वर, मान उजवीकडे, डोळे खिडकीबाहेरच्या एखाद्या चांगल्या गोष्टीवर. त्यांनी आरसा बाजूला ठेवला आणि मला बघून काढलं. भावोजी, तो पाणघोडा आता हुबेहूब तुमच्यासारखा बसतो. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट मी सांगितला नव्हता, तो त्यांचा त्यांना सुचला.

इथवरही निभावलं असतं, पण पाणघोड्याला आवाज देणाऱ्या नटाचा घसा बसला. चित्रं हलायला आधी आवाज लागतो म्हणे, म्हणून तात्पुरतं कोणी तरी वाचा, म्हणून मला एका कोठडीत बसवलं. भिंतींना स्पंज, समोर काच, काचेपलीकडे दिग्दर्शक, जे कधीच खाली बसत नाहीत. मी साक्ष वाचतात तसं वाचलं. "काय म्हणालीस? पाणघोडा उसासा टाकतो. या बाजूने ऐकू येत नाही." उसासा टाकायचा असतो, वाचायचा नसतो, हे मला नंतर समजलं. मी माफी मागितली. दिग्दर्शक म्हणाले, "माफी कसली, नटाला सांगा विश्रांती घे." थोडक्यात म्हणजे बसणं तुमचं, आवाज माझा, आणि बायको पाणघोडी. ओळखायला अक्काला किती वेळ लागेल याचा अंदाज तुम्हीच बांधा.

मी गप्प बसलो नाही, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो. दिग्दर्शकांना भेटलो, सगळं सांगितलं, हा भाग काढा म्हटलं. ते म्हणाले, तो रंगायला गेला. मग निदान कान तरी बदला, म्हटलं, डाव्याचा उजवा करा. माणूस चांगला. त्यांनी अख्खा भाग आरशातल्यासारखा उलटा करून दिला. मी त्या दिवशी हलक्या पावलांनी घरी गेलो. सकाळी बघतो तर पाणघोड्याच्या हातातलं वर्तमानपत्र उलट्या अक्षरांचं, दारावरची पाटी उलटी, घड्याळ मागे चाललेलं. त्यांनी पुन्हा सुलटं केलं. मला कळेना की या सगळ्यात कोणाला दोष द्यावा. तुम्ही बरे होऊन गप्प राहिलात म्हणून तुम्हाला, मी बोललो म्हणून मला, की टिकतात कशावर असा प्रश्न भलत्या माणसाला विचारला म्हणून लेखिकाबाईंना. शेवटी कोणालाच दिला नाही आणि घरी आलो.

असो. काळजी करण्यासारखं काही नाही, सहज खुशाली कळवावी म्हणून लिहिलं. जपून असा, गोळी घ्या.

तुमचा,
बोलायला नको तिथे बोललेला मेव्हणा

ता. क. सहज नाही. हा भाग येत्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता लागतो. तेवढा अर्धा तास अक्काला घराबाहेर काढा. चष्म्याचा नंबर तपासायचाय म्हणा, फिरायला न्या, भांडण काढून न्या, पण न्या. आणि तोपर्यंत ते चॅनेल लावू नका, त्यावर मधूनमधून झलक दाखवतात.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून हे लिहितोय. आत्ता अक्काचा फोन आला होता. दाताच्या डॉक्टरकडे बाहेर बसलेली असताना तिने ती झलक पाहिली. पण ती रागावलेली नव्हती. म्हणाली, "अरे, मला तिसऱ्याच महिन्यात कळलं होतं. त्यांच्या डाव्या बाजूने अगदी हळू म्हटलं, कॉलरवर पाल आहे. उभेच राहिले. मग म्हणाले, काही तरी वळवळल्यासारखं वाटलं."

मी विचारलं, मग अकरा वर्षं बोलली का नाहीस?

ती म्हणाली, "उजवीकडून बोललं की ते उत्तर देतात. डावीकडून बोललं की ऐकतात." तिच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, भीती वाटते, असं तिने तुमच्या डाव्या बाजूला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही वॉर्डाबाहेरच्या स्टुलावरून जेवायलासुद्धा उठला नाहीत, आणि विचारलं तर म्हणालात, सहज बसलो होतो. जन्मात पोहायला शिकायचं राहून गेलं, हेही तिकडेच सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही तलावाचा फॉर्म घेऊन आलात, म्हणे बँकेत कोणी तरी वाटत होतं. पासष्टाव्या वर्षी ती पोहते ते त्या बँकेमुळे. तिने मला बजावून सांगितलंय की यातलं एक अक्षर तुम्हाला कळता कामा नये, नाही तर मनातलं बोलायची ती एक जागा जाईल. मी शब्द दिला, आणि तो मोडून हे लिहितोय, कारण शनिवारी तुम्ही घामाघूम होऊन भलती गोळी घ्याल याची मला जास्त भीती आहे.

तेव्हा तिला कुठेही नेऊ नका. ती घरीच बसून बघणार आहे, तुमच्या डाव्या बाजूला. बघताना काही बोललीच, तर ऐकू आलं नाही असं करा.