कॅबिनेटची पूजा

बुरहानपूर,
९ एप्रिल २०२५

ती. अरविंददादास,

नमस्कार. वहिनींची शुगर आटोक्यात असेल, मुलांच्या परीक्षा उरकल्या असतील. इकडे ऊन चढलंय, दुपारी राजपुऱ्यात कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही. माझ्या कंबरेची तू फोनवर चौकशी केलीस. कंबर उत्तम आहे.

पत्र अशासाठी की फोनवर तू मधेच बोलतोस आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं नंतर पुसायला लावतोस. तू पाठवलेला जबाबाचा मजकूर मिळाला. ‘श्रीमती रंजिता या मास्क वापरण्यात वारंवार हयगय करीत असत.’ वा. इंदूरला यंत्रतपासणीची एजन्सी चालवून तुझं मराठी बरंच सुधारलं. शुक्रवारी चौकशी समितीपुढे मी एवढं वाचायचं आणि खाली बसायचं. तुझ्या एजन्सीचं काम शाबूत, आमच्या लॅबच्या ट्रस्टची अब्रू शाबूत. माझ्या हाताखाली नमुने तपासणाऱ्या रंजिताला टीबी झाला तो तिच्याच निष्काळजीपणामुळे, असं कागदावर आलं की तिची नोकरी गेली. आणि तिची पोर कायमची ठेवून घ्यायला सासरचे तर तेवढ्याच कागदाची वाट बघतायत.

समितीची मला भीती वाटत नाही, कीव येते. मागच्या तपासणीला साहेब दाराशी उभे राहिले आणि नाकाला रुमाल लावून म्हणाले, ‘सब ठीक है ना?’ त्यांच्या स्वागतासाठी आम्ही थुंकीच्या नमुन्यांच्या फ्रिजमधून चहाचं दूध बाहेर काढलं होतं. साहेब गेले, दूध परत आत गेलं. दारावरच्या धोक्याच्या पाटीला आमचा शिपाई सुकलाल गमछा अडकवतो, ती पाटी त्या दिवशी मात्र पुसून लख्ख केली होती. फोटो काढले. आमच्या लॅबच्या डॉक्टरांनी फोटोपुरते हातमोजे घातले, तेही दोन्ही डाव्या हाताचे.

आणि तुझा तो इंजिनियर मयूर. वर्षातून एकदा यायचा. टीबीचे नमुने ज्या काचेच्या कॅबिनेटमध्ये उघडतात, ते कॅबिनेट हवा आत ओढतं की नाही, हे तपासणं एवढंच त्याचं काम. हवा आत गेली तर जंतू आत, बाहेर आली तर काम करणाऱ्याच्या तोंडावर. इतकं साधं आहे. मयूरने ते कधी उघडलं नाही. चहा घ्यायचा, ‘तपासले, योग्य’ असं हिरवं स्टिकर डकवायचा, माझी सही घ्यायचा आणि मावा जिलेबी बांधून घ्यायला पळायचा. यंत्रापेक्षा जिलेबी त्याने जास्त बारकाईने तपासली असेल.

मी सह्या केल्या. तीन वर्षं. तुझी एजन्सी ट्रस्टला सुचवली तीही मीच, भावाचं भलं होतंय म्हणून. इतपत तुला माहीत आहे आणि याच जोरावर तू मला मजकूर पाठवतोस. आता माहीत नाही ते वाच.

दसऱ्याला आम्ही लॅबमधल्या सगळ्या यंत्रांची पूजा करतो. मायक्रोस्कोपला हळदकुंकू, कॅबिनेटला झेंडूचा हार. यंत्र चालू ठेवून मी काचेखालच्या फटीशी उदबत्ती धरली. धूर आत जायला हवा होता. तो माझ्या तोंडावर आला. मला ठसका लागला. सुकलाल म्हणाला, ‘मॅडम, धूर तं उलटा येऊन राह्यला.’ आठवी शिकलेला माणूस, त्याला दिसलं. मी त्याला म्हटलं, पूजेत मधे बोलू नये.

दुसऱ्या दिवसापासून माझी कंबर दुखायला लागली. कॅबिनेटपुढे तासन् तास बसवत नाही, असं मी डॉक्टरांना सांगितलं. मी रिपोर्ट टाइप करायला पलीकडच्या खोलीत बसले आणि कॅबिनेटवर रंजिताला बसवलं. तिला मी काही सांगितलं नाही. तक्रार लिहिली असती तर आधी तुझ्या एजन्सीचं नाव आलं असतं, मग माझ्या सह्या. आज बघू, उद्या बघू म्हणत मी साडेचार महिने काढले. फेब्रुवारी संपताना ती खोकायला लागली.

तुझी मला किळस येते दादा. पण तू इंदूरला होतास. मी मधल्या दाराच्या अलीकडे बसून होते आणि तिचा खोकला ऐकत होते.

रविवारी फोपनारला गेले होते. रंजिता तिथे आईकडे आहे. सासरच्यांनी खकनारहून पाठवून दिलंय, दोन वर्षांची मुलगी मात्र स्वतःकडे ठेवून घेतलीय. औषध लागू पडलंय, आता तिच्यापासून कुणाला धोका नाही, असं तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलं तरी पोर देत नाहीत. तिच्या आईने, आशाबाईंनी, मला चहा दिला, वर केळी. रंजिता हात जोडून म्हणाली, ‘मॅडम, माफ करा. माझ्यामुळं लॅबचं नाव खराब झालं. कोणत्या दिवशी मास्क ढिला राहून गेला, मी रोज याद करते. याद येतच नाही.’

ती माझी माफी मागत होती.

मी तिला सगळं सांगितलं, धुरापासून कंबरेपर्यंत. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. बराच वेळ ती नखाने खाटेची पट्टी खरवडत बसली. मग विचारलं, ‘मंग माझी गलती नव्हती?’ नव्हती, म्हटलं. ‘हे तुम्ही खकनारला येऊन माझ्या सासूसमोर बोलाल?’ येईन, म्हटलं. ‘मंग आता जा मॅडम,’ म्हणाली, आणि तोंड फिरवलं.

जबाब मी आजच देऊन आले. शुक्रवारपर्यंत थांबले असते तर तू वहिनींना घेऊन आला असतास, त्या रडल्या असत्या आणि मी पुन्हा गप्प बसले असते. मी मला ओळखते. जबाबात पहिलं नाव माझं आहे, दुसरं तुझं. आमच्या डॉक्टरांनी मला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलंय. ते इतक्या झटपट निर्णय घेऊ शकतात हे मला आज कळलं.

हे कुरिअरने पाठवते आहे, परवा मिळेल. रागावून बुरहानपूरला येऊ नकोस, मी दार उघडणार नाही. रविवारी सकाळी मी खकनारला जाते आहे. यायचंच असेल तर तिथे ये. त्या सासूसमोर माझ्या शेजारी बस आणि तुझ्या वाट्याचं तू सांग. नाही आलास तर तेही मीच सांगेन.

तुझी धाकटी बहीण, निदान रविवारपर्यंत,
निर्मला