खाजणाच्या मातीवरचं स्टेशन

अप्पा, तुमचं स्टेशन मी भंगारवाल्याला दिलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. मीरा रोडच्या आपल्या भागातल्या त्या वेळच्या बिल्डिंगा आता एकेक करून पाडतायत, आपलीही पाडायला घेतली आहे. घर रिकामं करताना तुम्ही गेल्यावर मी कपाटामागे उभा करून ठेवलेला तो प्लायवूडचा बोर्ड बाहेर काढावा लागला. जिन्याच्या वळणावर तो अडकला. भंगारवाला म्हणाला, "मॅडम, तोडना पडेगा." मी म्हटलं, तोडो. त्याने बोर्डावर पाय ठेवला आणि प्लॅटफॉर्मच्या मधोमध त्याचे दोन तुकडे केले. मला वाटलं होतं, त्या क्षणी काहीतरी होईल. काही झालं नाही. मी खाली जाऊन टेम्पोवाल्याशी बोलत बसले.

आपण इथे राहायला आलो तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. तुम्ही स्टेशनमास्तर म्हणून नुकतेच निवृत्त झाला होता. आईचं सगळं आयुष्य तुमच्या बदल्यांमागे, रेल्वेच्या क्वार्टरांमध्ये गेलं होतं. स्टेशनपासून घरापर्यंत चिखल, चपला हातात घेऊन चालायचं, पाण्याचा टँकर आला की जिन्यात बादल्यांची रांग. आईला त्यातलं काहीच खुपलं नाही. घराचा ताबा मिळाला त्या दिवशी तिने आधी बेडरूमची खिडकी उघडली. समोर मिठागरं, मधूनमधून पांढऱ्या राशी. ती म्हणाली, "इथे माझी खाट. डोकं खिडकीकडे." एवढंच मागितलं होतं तिने. महिनाभरात तुम्ही त्याच खोलीत दोन लाकडी घोड्यांवर प्लायवूड टाकलंत. "तात्पुरतं आहे," म्हणालात. आईची गादी स्वयंपाकघरात गेली, ओट्याखालच्या जागेत, आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली.

तुमच्या हातात कला होती, हे मी नाकारत नाही. एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाने दुबईहून तुम्हाला विजेवर चालणारी छोटी आगगाडी आणून दिली होती. बाकी सगळं तुम्ही घरी केलंत. लग्नपत्रिकांच्या जाड कागदाच्या भिंती, छत्रीच्या काड्यांचे सिग्नल, आंघोळीच्या घासणीची बाभळीची झाडं. तुमच्या बदल्यांमधलं सगळ्यात लहान स्टेशन तुम्ही निवडलं होतं. आजूबाजूला काही नसलेलं, दिवसाला जाणारी एक आणि येणारी एक पॅसेंजर असलेलं. का ते, हे तुम्ही सांगितलं नाही. मला वाटतं, तिथे तुमच्यावर साहेब कोणी नव्हता म्हणून. स्टेशनची घंटा, पाण्याचा हौद, रूळ बदलणाऱ्या पॉइंट्समनची टपरी, तुमच्या टेबलाजवळची तिरपी खिडकी, सगळं तुम्ही आठवून आठवून केलंत. बिल्डिंगमधली मुलं बघायला यायची. त्यांना तुम्ही लिमलेटच्या गोळ्या द्यायचात, गाडी दोनदा फिरवून दाखवायचात. शेजारच्या गुजराती भाभी आईला म्हणायच्या, "तुम्ही लकी आहात हां. आमचे साहेब रिटायर झाल्यापासून फक्त झोपतात." आई हसायची. मला त्या हसण्याचा राग यायचा. मी लहान असताना तुम्ही मला स्टेशनातल्या घंटेला हातसुद्धा लावू दिला नव्हता.

एके रविवारी भाभी समोर असतानाच मी विचारलं होतं. प्लॅटफॉर्मवर तुम्ही मातीची माणसं उभी केली होती, नखाएवढी. पांढऱ्या कपड्यातले तुम्ही, पॉइंट्समन, गार्ड, बोचकं घेतलेला एक म्हातारा, झाडाखाली कुत्रासुद्धा. मी म्हटलं, "अप्पा, आई कुठाय?"

"ती आत आहे," तुम्ही म्हणालात. मान वर केली नाहीत.

"आत म्हणजे?"

"क्वार्टरमध्ये. पॅसेंजरच्या वेळेला ती स्वयंपाकात असायची."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "म्हणावं, अजून तिथेच आहे. भाकरी उलथतेय."

भाभी खूप हसल्या. तुम्हीही हसलात. मला हसू आलं नाही. त्या क्वार्टरच्या अर्धवट उघड्या दाराकडे मी बघत राहिले. त्या दारातून आम्ही दोघी एकदा धावत बाहेर पडलो होतो. ते तुम्हाला आठवतंय का, हे मला त्याच वेळी विचारायचं होतं. विचारलं नाही. आपल्या घरात असं कुणी विचारत नसे.

मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. आजी अत्यवस्थ असल्याची तार सकाळी आली होती. आईच्या माहेरी जायला दुपारची पॅसेंजर, ती चुकली की थेट दुसऱ्या दिवशी. आईने पिशवी भरली आणि मग ती भाकऱ्या करायला बसली. ती नसताना तुमचे दोन दिवस निघावेत म्हणून. मी चुलीपाशी उभी आहे, ती पीठ थापतेय, लांबून गाडीची शिट्टी येते. ती शेवटची भाकरी तव्यावरून काढते, फडक्यात गुंडाळते, मला ओढत बाहेर पडते. गाडी उभी आहे. तुम्ही प्लॅटफॉर्मवर आहात. तुम्ही आमच्याकडे बघता. हे मी नीट पाहिलंय, तुम्ही आमच्याकडे बघता, मग घड्याळाकडे बघता आणि गार्डाला हात करता. तो हिरवा बावटा दाखवतो. आम्ही तारेच्या कुंपणापर्यंत पोचतो तेव्हा शेवटचा डबा पुढे सरकत असतो. आईच्या हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात मी. तुम्ही जवळ आलात आणि हळू आवाजात म्हणालात, "स्टेशनमास्तरने बायकोसाठी गाडी अडवली, असं उद्या गावभर झालं असतं." त्याच प्लॅटफॉर्मवर तहसीलदारांच्या मेहुण्यासाठी गाडी थांबलेली मी पाहिली होती. त्याला तुम्ही खुर्ची दिली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा आजीला नेऊनही झालं होतं. आई परत आली आणि दुसऱ्या सकाळी तुमचा डबा भरला. मी तिला त्याबद्दल तुमच्याशी एक अक्षर बोलताना ऐकलं नाही. तुम्हाला तर नाहीच.

तर तुमच्या बोर्डाला माती हवी होती. रंग लावून तुमचं समाधान होईना. तिकडची जमीन करडी-काळी होती, आणि बिल्डिंगमागच्या खाजणातला चिखल वाळला की अगदी तसाच दिसतो, हा शोध तुम्ही लावलात. घमेल्याने ती माती आणलीत, चाळलीत, डिंकात कालवून रुळांच्या दोन्ही बाजूंनी थापलीत. स्टेशन आणि क्वार्टरच्या भागात सगळ्यात जाड. आईने तुम्हाला सांगितलं होतं. मी दारात उभी होते.

"त्या मातीत माझ्या दोन तुळशी जळल्या. खारट आहे ती. गॅलरीतली कुंडी बघा, काठाला पांढरं फुटलंय."

"मला झाडं उगवायची नाहीत," तुम्ही म्हणालात, "दाखवायची आहेत."

"कोरडी राहणार नाही ती."

"तू तुझं बघ."

आई तिचं बघायला गेली.

पावसाळ्याच्या मध्यावर त्या मातीला पाणी सुटलं. छत गळत नव्हतं, खिडकी बंद होती, तरी सकाळी बोर्डावर हात फिरवला की ओला व्हायचा. तुम्ही टेबल-फॅन लावलात, विजेचा दिवा टांगलात, मिस्त्रीला बोलावून वरच्या मजल्यावरचा नळ तपासायला लावलात. आई काय म्हणाली होती, ते सोडून सगळं तपासलंत. रूळ आधी लाल झाले, मग त्यांची सालं निघायला लागली. कागदाच्या भिंतींना खालून डाग चढले. तुम्ही पॉलिश पेपरने रूळ घासायचात, गाडी एक फेरा मारायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी एका दुपारी ती प्लॅटफॉर्मला लागली आणि तिथेच राहिली. तुम्ही बटण फिरवत होतात. इंजिन गुणगुणत होतं, पण हलत नव्हतं. भाभींचा धाकटा मुलगा म्हणाला, "अंकल, धक्का मारू?" तुम्ही त्याच्यावर ओरडलात आणि तो घरी पळाला.

आई चहा घेऊन आली होती. कप खिडकीत ठेवून ती थोडा वेळ उभी राहिली. गाडीचा शेवटचा डबा बरोबर क्वार्टरच्या दारासमोर होता. ती म्हणाली, "आता थांबली."

तुम्ही बटणावरचा हात काढलात.

"तेव्हा नाही थांबली," आई म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, दूध नासलं असं सांगावं तसा. मग ती आत गेली. मी दारात होते आणि तुमच्याकडे बघत होते. मला वाटत होतं, आता तुम्ही उठाल, स्वयंपाकघरात जाल, काहीतरी बोलाल. एक वाक्य पुरलं असतं. तुम्ही पॉलिश पेपरचा नवा तुकडा कापलात.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून आले तेव्हा बोर्डावर क्वार्टर नव्हतं. ते खिडकीत वाळत ठेवलेलं होतं. छपराच्या कडेला सगळीकडून ओला गोंद, आणि दार लावलेलं. मी विचारलं, काय केलंत? तुम्ही म्हणालात, "छप्पर हलत होतं." तुम्ही ते परत जागेवर बसवलंत आणि त्यानंतर त्या बोर्डाला हात लावला नाहीत. पण बोर्ड काढलाही नाहीत. पुढच्या वर्षी आई आजारी पडली, तेव्हा मी म्हटलं, तिला खिडकीपाशी झोपवू. "हलवला तर सगळं मोडेल," तुम्ही म्हणालात. आईच म्हणाली, "राहू दे गं, मला इथली सवय झालीय." ती स्वयंपाकघरातच गेली, अप्पा. ओट्याखालच्या त्या जागेत. कुकर खाली काढून ठेवून आम्ही तिला उचललं.

तिच्यानंतर तुम्ही बरीच वर्षं होता. बिल्डिंगमधले लोक अजून तुमची आठवण काढतात. साहेब किती शांत, किती वक्तशीर, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी मान हलवते. तुमच्याबद्दल खोटं काहीच नाही त्यात, म्हणून तर जास्त राग येतो. तुमचा डबा मी भरत होते, तुमची औषधं मी आणत होते, आणि त्या सगळ्या वर्षांत रोज संध्याकाळी मी वाट बघितली की आज तुम्ही आईबद्दल काही बोलाल. तुम्ही पाण्याबद्दल बोलायचात, पेन्शनबद्दल बोलायचात.

हे मी कुठे पाठवणार, हा प्रश्नच नाही. खोक्यांवर बसून लिहितेय आणि उद्या या खोक्यांबरोबर कुठेतरी जाईल. परवा भाभींचा फोन आला होता, त्या आता मुलाकडे असतात. बोर्ड दिला हे ऐकून त्या हळहळल्या. मग म्हणाल्या, "आणि ते छोटं घर? तुमची मम्मी त्यात आहे असं साहेब म्हणायचे. उघडून बघितलं?" मी म्हटलं, बघितलं. रिकामं होतं.

बोर्ड देण्याआधी मी क्वार्टर सुरीने सोडवून घेतलं होतं. ते आत्ता माझ्यासमोर आहे. गोंद पिवळा पडलाय, ब्लेड फिरवलं तर छप्पर सहज निघेल. हलवलं की आत काहीतरी सरकतं. गोंदाचा वाळलेला खडा असेल, किंवा भिंतीचा एखादा तुकडा. रिकामं निघालं तर मला माहीत आहे तेच कळेल. पण छप्पर चिकटवण्याआधी तुम्ही खरंच नखाएवढी मातीची आई आत ठेवली असलीत, तर इतक्या वर्षांच्या या रागाचं मी काय करायचं, ते मला माहीत नाही. भाभींना मी खोटं सांगितलं, अप्पा. मी ते उघडलेलं नाही.