न्हाणीमागचं अळू

बुधवार, डिसेंबर १९६३. दिवेलागण.

आज पुन्हा डोकं फिरलं. पंचायतीत नव्या वस्तीचा नकाशा मांडला होता. घराघरातल्या न्हाणीचं पाणी नदीत कशाला सोडायचं? नालीने खालच्या मळ्यात न्यायचं, शेणकचऱ्याचे खड्डेही तिथेच. गावाचं गावाच्याच पोटात परत जाईल. सरपंचकाका हसले, "कॉलेज सोडून नाल्या काढून राह्यला का बे?" मी नकाशा टराटरा फाडला आणि निघून आलो. महिनाभराचं काम. मूर्खपणा, दुसरं काय.

आणि कल्पना तरी माझी कुठे होती? सुमीची. तिच्या न्हाणीमागे अळू आहे, आंघोळीच्या पाण्यावर माजलेलं. एकदा म्हणाली, "आमचं पानी वाया नाई जात, गावाचंच काऊन जाते?" तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. तिच्याशिवाय तर नाहीच.

मघाशी तिचे वडील आले. मळा त्यांचाच. हातात नकाशा, खळीने जोडलेला. "तुकडे म्या वेचले, सुमीनं चिकटवले. मळ्यापर्यंत उतार किती ठेवशीन, सांग मले." मी सांगत राहिलो. उठताना म्हणाले, "रविवारी दुसरबीडचे पाहुणे येऊन राह्यले, सुमीले पाहाले."

नकाशा समोर आहे. सगळे तुकडे जागेवर. फक्त मळ्याला लागून असलेलं शेवटचं घर नाही. त्याच्या न्हाणीमागे मी अळू काढलं होतं. ते घर कुणाचं, हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

वाऱ्याने उडालं असेल. पण पंचायतीच्या खोलीला खिडकीच नाही.

रविवारला अजून चार दिवस आहेत.